डांगराचं नाव बाटलीवर

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आमचे केमिस्टसाहेब पांढरे गमबूट घालून आले होते. गमबूट नवे नव्हते, कारखान्यातलेच होते, पण स्वच्छ धुतलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात आहेराचं पाकीट आणि पायात गुडघ्यापर्यंत रबर. बारामतीतल्या त्या मंगल कार्यालयात लोक त्यांना लगबगीनं वाट करून देत होते, कारण सगळ्यांना वाटलं हा आचाऱ्याचा माणूस. साहेबांनी अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि पंगतीला बसण्याआधी खरोखरच भटारखान्यात एक चक्कर मारून आले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "जिलबी वनस्पती तुपातली आहे. चांगली झाली आहे, खायला काही हरकत नाही. फक्त तुमचे मामा सगळ्यांना साजूक तुपातली म्हणून सांगतायत, तेवढं त्यांना थांबवा."

मामांना कोण थांबवणार? पण मामांच्या कानावर ते गेलंच, आणि मामा पुढं बरेच दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

हे नव्वदच्या दशकातलं सांगते आहे. बारामतीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. टोमॅटो सॉस, मिक्स फ्रूट जॅम, कैरीचं लोणचं, आवळ्याचा मुरंबा असा माल निघायचा. मी बाटल्या भरण्याच्या खात्यावर सुपरवायझर होते. माझ्या हाताखाली बहुतेक शेजारच्या जळोची गावातल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका होत्या. मालक इथलाच, उसाच्या घरातला. भाऊ शेती बघायचे आणि यानं कारखाना काढला होता. वयानं तसा तरुण, बोलायला मोकळा, कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते त्याला माहीत असायचं. वाईट माणूस म्हणून मी त्याच्याकडं कधी पाहिलं नाही.

आणि केमिस्टसाहेब. मूळचे शेळगावचे. त्यांच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, पावसाळा संपला की सगळं कुटुंब कळपामागं निघायचं. वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली आणि साहेब पुण्याला शिकून एम.एस्सी. झाले. त्यांची बायको इंदापूरला शाळेत शिकवायची, म्हणून ते जळोचीत आमच्याच गल्लीत खोली घेऊन एकटे राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी लुनावरून इंदापूरला जायचे. त्याच गमबुटात. पाय भिजलेले त्यांना चालत नसत आणि बुटाच्या लेसवर त्यांचा विश्वास नव्हता. असं ते स्वतःच सांगायचे, अगदी गंभीरपणे.

डबा स्वतः करायचे. डब्याच्या झाकणाखाली रोज एक चिठ्ठी असायची. "ज्वारी, मेथी, शेंगदाणे, तेल, मिरची, मीठ." ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, कमी ते नंतर. पहिल्यांदा ती चिठ्ठी पाहिली तेव्हा मला वाटलं सामान आणायची यादी असेल. विचारलं, तर म्हणाले, "उद्या मी जेवायच्या आधी मेलो आणि डबा दुसऱ्या कुणी खाल्ला, तर त्याला कळायला नको का?"

एकदा त्यांची बायको जळोचीला आली होती. तिनं मला हसत हसत सांगितलं, "यांना भाजी कशी झाली विचारायचं नाही. त्यात काय पडलंय ते सांगतात, आणि उठतात."

दुकानात गेले की बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायचे. स्टँडसमोरचा किराणावाला त्यांना पाहिलं की काउंटरवरचा माल आत ओढायचा, कारण ते वाचायला लागले की मागची गिऱ्हाइकंही ऐकत थांबायची. प्रयोगशाळेच्या कपाटात प्रत्येक बॅचची एक बाटली ते ठेवायचे आणि माणसांच्या आयुष्यातल्या गोष्टी त्यांना त्या बॅचांवरून आठवायच्या. माझा मुलगा कुठल्या आठवड्यात झाला ते मला आठवून सांगावं लागलं असतं, पण साहेबांना पाठ होतं. "लोणच्याची बॅच बुरशीनं गेली ना, त्याच आठवड्यातला तुमचा."

सॉस शिजत आला की ते छोटी नळी डोळ्याला लावून त्याचा घट्टपणा बघायचे. त्या यंत्राचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. बायका त्याला दुर्बीण म्हणायच्या. साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि मान हलवली की बाटल्या भरायच्या. ही मान हलल्याशिवाय आमच्या खात्यात एक बाटली भरली जात नसे.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं तसंच. आमच्या कारखान्यात एक फिटर होता. त्याला जळोचीतल्या एका मुलीचं स्थळ आलं, आणि मुलीचे वडील चौकशीला साहेबांकडं आले. दुसरा कुणी असता तर "पोरगा सोन्यासारखा आहे" म्हणून मोकळा झाला असता. साहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. हात कुशल आहे, कष्टाला मागंपुढं बघत नाही, तंबाखू खातो, आईला फार घाबरतो, राग लवकर येतो आणि लवकर जातो, दारूला शिवलेला मी पाहिलेला नाही, न पाहिलेलं मला माहीत नाही. फिटर दिवसभर तोंड पाडून हिंडत होता. मुलीच्या वडिलांनी मात्र होकार कळवला. नंतर ते मला म्हणाले की बाकीच्या स्थळांची माणसं सांगत होती त्यातलं काय धरावं तेच कळत नव्हतं.

कुणी काही लपवायला लागलं किंवा वाढवून सांगायला लागलं की साहेब एवढंच म्हणायचे, "असंल ते लिहा." बोलण्याची गोष्ट असली तरी लिहा. पुण्यात शिकलेले, पण या वाक्यात त्यांचं शेळगाव हटकून यायचं.

एका वर्षी पावसानं टोमॅटो बसवला. ऐन तोडणीच्या वेळी झड लागली, झाडं काळी पडली. सुप्याकडून येणारा माल बंद झाला, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलाही बंद झाला. जो थोडा बाजारात यायचा तो घेऊन सॉस करणं कारखान्याला परवडणारं नव्हतं. आणि नेमकी त्याच वेळी पुण्याच्या एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर मालकानं घेतलेली होती. हा व्यापारी पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना आणि दुकानांना माल पुरवायचा. ऑर्डर वेळेवर गेली तर वर्षभराचं काम होतं, नाही गेली तर आमचं खातं बंद ठेवावं लागणार होतं.

एका सकाळी गेटातून ट्रॅक्टर आत आला तो डांगरानं भरलेला. डांगर म्हणजे लाल भोपळा. सोलायला बसलेल्या बायका हसायला लागल्या, आज काय घाऱ्या करायच्या का म्हणून. ट्रॅक्टर चालवत होते साहेबांचे थोरले भाऊ. त्यांना शेळगावात सगळे आबा म्हणायचे, साहेबही आबाच म्हणायचे. मालक स्वतः शेळगावला जाऊन त्यांच्या रानातलं डांगर ठरवून आला होता आणि साहेबांना त्यानं सांगितलं नव्हतं.

आबा खूश होते. उसाच्या कडेनं लावलेलं डांगर, एरवी बाजारात ढिगानं पडून असायचं. ते आता कारखान्यात चाललं होतं. त्यांनी उतरल्या उतरल्या साहेबांना हाक मारली आणि म्हणाले, "आपलं डांगर आता बाटलीत बसून मुंबैला जाणार बघ."

साहेबांनी एक डांगर तिथंच कापायला लावलं. फोड तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. मग भावाला म्हणाले, "माल एक नंबर आहे, आबा." आणि तडक मालकाच्या केबिनमध्ये गेले.

केबिनचं दार उघडंच होतं आणि मी हजेरीचे कागद घेऊन बाहेर उभी होते, त्यामुळं बोलणं मला ऐकू आलं. मालकानं काही लपवलं नाही. डांगराचा गर, थोडा टोमॅटो, व्हिनेगर, साखर, मसाला आणि खाण्याचा लाल रंग. चवीत कुणाला कळत नाही, कुणाला बाधत नाही, मोठमोठे लोक हेच करतात, आणि पावसाळाभर बायकांना काम राहतं. साहेब प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, "सगळं कबूल. डांगर काही विष नाही. मी स्वतः शिजवून देतो. फक्त लेबल बदला. असंल ते लिहा."

मालक म्हणाला, "डांगराचा सॉस म्हणून लिहिलं तर कोण घेईल, साहेब?"

"ते घेणाऱ्याला विचारू."

मालक हसला आणि विषय तिथंच थांबवला. लेबलं जुनीच राहिली, लालभडक टोमॅटोच्या चित्राची. साहेबांनी त्या बॅचला मान हलवली नाही, सहीही केली नाही. मालकानं प्रॉडक्शनच्या माणसाची सही घेतली आणि मला सांगितलं, भरा. आम्ही भरल्या. त्या दिवसापासून साहेब रोज येत, सॉस शिजवायच्या मोठ्या किटल्यांजवळ उभे राहत, गर करपू नये म्हणून ढवळणाऱ्याला सूचना देत. पण दुर्बीण त्यांनी कपाटात ठेवून दिली.

थोड्याच दिवसांत पुण्याचा व्यापारी कारखाना बघायला आला. पाहुण्यांना कारखाना दाखवण्याचं काम नेहमी साहेबांचंच. मालकानं आदल्या दिवशी त्यांना समजावलं होतं की तुम्ही सही करू नका, माझं काही म्हणणं नाही, फक्त बोलू नका. साहेब म्हणाले होते, "विचारल्याशिवाय बोलणार नाही." मालकाला तेवढ्यानं बरं वाटलं होतं.

व्यापारी आमच्या खात्यात आला, एक बाटली उचलून उजेडात धरली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, यंदा एवढा टोमॅटो तुम्हाला कुठं मिळाला?"

साहेब म्हणाले, "मिळाला नाही. यात निम्म्याहून जास्त डांगर आहे."

मालकाचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, संपलं. पण व्यापारी बाटलीतला माल तसाच हलवत राहिला आणि जरा हसला. म्हणाला की रंगावरून मला वाटलंच होतं. मग मालकाच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेलं. डांगर आहे तर भाव टोमॅटोचा कसा लावता, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं भाव पाडून घेतला आणि पुढच्या मालात डांगर आणखी वाढवलं तरी चालेल असं सांगून गाडीत बसून गेला. लेबलाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

साहेब तिथंच बाटल्यांच्या रांगेपाशी उभे होते. खरं सांगितल्यावर असं होईल हे त्यांच्या गावी नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मला म्हणाले, "बाई, मला वाटायचं, एकदा कळलं की माणूस थांबतो." आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागलो.

त्या शनिवारी ते इंदापूरला न जाता शेळगावला गेले. तिथं काय झालं ते मला नंतर आबांनीच सांगितलं. साहेबांनी भावाला डांगर देऊ नका असं म्हटलं नाही. आबांनी गावभर सांगितलं होतं की आपलं डांगर बाटलीत बसलंय, आणि आता बाटली बघायची म्हणून ते मागं लागले होते. साहेबांनी नेलेली बाटली त्यांच्या हातात दिली. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बाटली सगळीकडून फिरवून बघितली, चित्रं बघितली आणि विचारलं, "ह्यात आपलं कुठं लिवलंय?" साहेब म्हणाले की कुठंच लिहिलेलं नाही. मग यावर काय लिहिलंय? तर टोमॅटो.

आबांनी सांगितलं ते माझ्या अजून लक्षात आहे. ते म्हणाले, "बाई, मला वाटलं हुतं माझं डांगर मोठं झालं. आन् ह्यांनी त्येला तंबाट्याची कापडं घालून दारातनं भायेर काढलं."

नंतरचा ट्रॅक्टर आला तो गेटाच्या आत आलाच नाही. आबांनी ट्रॉलीसकट तो गेटात आडवा लावला, इंजिन बंद केलं आणि चावी कनवटीला लावून खाली उतरले. आत पुण्याला जायचा ट्रक भरून उभा होता, त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. वॉचमन ओरडला, ड्रायव्हर ओरडला, आबा ट्रॉलीच्या सावलीत उभे. आम्ही सगळ्या कामं टाकून गेटाशी गेलो. रस्त्यानं जाणारे शेजारच्या कारखान्यांतले लोक थांबायला लागले.

मालक आला. आबांनी धोतराच्या सोग्यातून बाटली काढली.

"मालक, ह्या बाटलीवर माझं डांगर कुठं हाय त्ये दावा."

मालकानं समजुतीच्या सुरात सांगितलं की लेबलं आधीच छापून ठेवलेली असतात.

"मग तंबाटी कशी छापली? तंबाटी तर औंदा न्हाईतच."

लोक हसले. मालकाला ते लागलं. त्यानं विचारलं की आबा, तुम्हाला तुमचं नाव हवंय का बाटलीवर, तर तसं सांगा. आबा म्हणाले, "माझं नाव नगं. माझ्या मालाचं नाव पायजे."

तेवढ्यात साहेब आतून आले. आम्हाला वाटलं, आता दोघे भाऊ मिळून मालकाला धरणार. पण साहेब भावाकडं गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आबा, शब्द दिलाय तुम्ही. माल उतरवा. लेबलाचं मी बघतो." आणि खरोखरच त्यांनी ट्रॉलीचा फाळका काढून एक डांगर खांद्यावर घेतलं.

आबा त्यांच्यावरच उखडले. "शब्द डांगर द्याचा दिला हुता. तंबाटी द्याचा न्हाय. ठिव त्ये खाली."

साहेबांनी डांगर खाली ठेवलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यापेक्षा अचूक बोललं होतं.

पोलिसांना बोलवा असं ड्रायव्हर मालकाला सांगत होता. पण पोलीस आले की भांडण कशावरून हे विचारणार, आणि ट्रकात काय भरलंय हेही विचारणार. मालकानं सभोवार बघितलं. आजूबाजूला जमलेल्या लोकांत त्याच्या ओळखीचे होते, सोयरे होते, उद्या गावात कुठंही भेटणारे होते. शेवटी त्यानं ट्रकवाल्याला गाडी मागं घ्यायला सांगितली आणि साहेबांना म्हणाला, "चला, लिहा तुमचं काय लिहायचं ते."

केबिनमध्ये पुन्हा वाद झाला, तो नावाच्या क्रमाचा. मालकाला "टोमॅटो-डांगर सॉस" हवं होतं. साहेब म्हणाले की डांगर जास्त आहे, ते आधी येणार. तासभर हे चाललं. मालक वैतागून म्हणाला, "नमतं घ्यायला काय घ्याल?" साहेबांना प्रश्नच कळला नाही. अखेर बारामतीतल्याच एका छापखान्यात मराठीत लेबलं छापली, "डांगर-टोमॅटो सॉस". खाली घटक, क्रमानं, रंगासकट. चित्र कसलंच नव्हतं, कारण डांगराचं चित्र छापखान्याकडं नव्हतं.

ट्रकातल्या बाटल्या उतरवून आम्ही हौदात भिजत घातल्या. जुनी लेबलं खरवडून काढायची, बाटली पुसायची, खळ लावून नवं चिकटवायचं. बोटांची कातडी सोलवटली. आबांनी माल उतरवला तो लेबल हातात घेऊन, कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतल्यावरच.

इथपर्यंत लोक आवडीनं ऐकतात. पुढचं कुणी विचारत नाही.

पुण्याच्या व्यापाऱ्यानं माल घेतला नाही. त्याला डांगर चालत होतं, डांगराचं नाव चालत नव्हतं. ऑर्डर गेली. मालकानं आमच्या खात्यातली अर्ध्याहून जास्त माणसं टोमॅटो येईपर्यंत घरी बसवली. कुणाला थांबवायचं, कुणाला ठेवायचं हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. ज्यांना थांबवलं त्यांत आक्का होत्या, आमच्यातल्या सगळ्यात वयस्क. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. आक्का जाताना प्रयोगशाळेत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग होते.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमी खरं लिवलं. पर हितं चूल आमची इझली. त्ये कुठं लिवणार तुमी?"

साहेब उभे राहिले. त्यांनी सबब सांगितली नाही. मालकानं दुसरा व्यापारी बघायला हवा होता, पाऊस पडायला नको होता, असलं काही नाही. म्हणाले, "खरं आहे, आक्का. हे माझ्यामुळं झालं." आक्कांना याचं काय करावं कळेना. त्या तशाच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेब लुनाला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून त्या बाटल्या विकायला निघाले. कारखान्यातलं काम उरकून दुपारनंतर जायचे. त्यांच्याइतका वाईट विक्रेता मी पाहिलेला नाही. दुकानदारानं विचारलं चांगला आहे का, की हे घटक वाचून दाखवायचे. टिकेल का विचारलं, की कधी खराब होईल ते सांगायचे. सुप्याच्या बाजारात एका बाईनं भोपळा तर माझ्या परसातच आहे म्हणून बाटली परत केली, तर यांनी तिला घरी सॉस कसा करायचा ते समजावून सांगितलं आणि रिकाम्या हातानं आले. स्टँडसमोरच्या किराणावाल्यानं मात्र एक खोकं ठेवून घेतलं. म्हणाला की हा माणूस एवढं वाचून दाखवतोय आणि तरी विकतोय, म्हणजे पोटात काही वाईट जायचं नाही.

हळूहळू इंदापूरचे, भिगवणचे भेळवाले घ्यायला लागले. गोडसर असल्यानं पोरांना आवडायचा. माल संपायला बराच काळ गेला, पण संपला. जसजशी मागणी येईल तसतसं एकेका बाईला परत बोलवायचं. पहिलं बोलावणं आक्कांना गेलं पाहिजे असं साहेबांनी मालकाला सांगितलं आणि मालकानं ते ऐकलं. आक्का परत आल्या. साहेबांशी त्या पुढंही फारशा बोलल्या नाहीत, पण त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणाला वेडंवाकडं बोलूही देत नसत.

टोमॅटोचा हंगाम आला तसा डांगर-टोमॅटो सॉस बंद झाला. मालकानं पुन्हा कधी तसा प्रकार केला नाही. धंदा काही फार वाढला नाही. दशक संपता संपता त्यानं कारखाना एका मोठ्या कंपनीला विकला. त्यांचे केमिस्ट मुंबईत बसायचे. साहेब शेळगावला भावाकडं राहायला गेले, बायकोही निवृत्त होऊन तिथंच आली. मी जळोचीतच राहिले. दिवाळीला भेट व्हायची, कधी नाही व्हायची.

बऱ्याच वर्षांनी साहेब वारले. त्यांच्या दहाव्याला मी शेळगावला गेले होते. बरीच माणसं होती. मालक आला होता, आता केस पांढरे झालेले, हातात भाषणाचा घडी घातलेला कागद. आधी गावातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की साहेबांनी एकट्यानं कारखान्याशी लढा दिला, भरलेल्या ट्रकपुढं आडवे पडले, जीव गेला तरी भेसळीचा माल जाऊ देणार नाही म्हणाले. बायका डोळे पुसत होत्या.

आबा पुढंच बसले होते. आता खूप थकले होते. ते काठी टेकत उठले आणि मध्येच म्हणाले, "तसलं काय झालं न्हाय. टॅक्टर म्या आडवा लावला हुता. ह्यो तर डांगर उतरवत हुता. आन् बायांची कामं गेली त्येबी सांगा की."

पुढारी घुटमळले, दोन शब्दांत आवरून खाली बसले. कुणी हसलं नाही. मग मालकाचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, हातातला कागद उघडला, एकदा आबांकडं बघितलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"आबा म्हणाले ते बरोबर आहे," तो म्हणाला. "त्यानंतर कितीतरी जणांनी मला विचारलं की असल्या माणसाला तुम्ही कामावरून काढलं कसं नाही. तेव्हा माझी पोरं लहान होती. घरी कुठली बाटली न्यायची आणि कुठली नाही, हे मला दुसरं कुणी खरं सांगितलं नसतं."

एवढं बोलून तो खाली बसला.